‘इंदिरा बी. ए.’ ते ‘इंदिरा एम. ए.’

मुंबईत केनेडी ब्रिजजवळ इंपीरियल फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता आणि त्याच्या अगदी शेजारून रेल्वेचे रूळ गेले होते. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. म्हणून ‘आलम आरा’चे बरेचसे काम रात्री झाले. गाड्या थांबल्या की आर्देशिर इराणी आणि त्यांची माणसे कामाला लागत. कॅमेऱ्याच्या नजरेत येणार नाहीत अशा जागी, नटांच्या आसपास मायक्रोफोन दडवले जात. हिंदुस्थानातला पहिला बोलपट असा रात्री जागवून तयार झाला आणि १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना काळ्या बाजारात गेले.

इराणींच्या पदरी तेव्हा सुलोचना होती. ‘माधुरी’, ‘अनारकली’ आणि ‘इंदिरा बी. ए.’ या मूकपटांनंतर तिच्या नुसत्या नावावर थिएटर भरत असे. तरीही ‘आलम आरा’ची नायिका झाली झुबेदा. कारण उघड होते. झुबेदाला हिंदुस्तानी सफाईने बोलता येत होते, सुलोचनाला येत नव्हते. याच चित्रपटाचा नायक मास्टर विठ्ठल. हाणामारीच्या मूकपटांतला हा आपला मराठी गडी तलवारीला पक्का, पण हिंदुस्तानी संवादांना कच्चा. त्याच्यासाठी मात्र तोड काढली गेली: बऱ्याच प्रसंगांत नायक धुंदीत, अर्धवट शुद्धीत दाखवला, म्हणजे त्याला बोलायला नको. नायिकेसाठी अशी सोय कोणी केली नाही.

इथून पुढची गोष्ट आपण अनेकदा वाचलेली असते. बोलपट आला, मूकपटांतल्या अँग्लो-इंडियन आणि ज्यू नटींना भाषा येईना, त्या बाहेर फेकल्या गेल्या. सुलोचनाचे नाव या गोष्टीत दाखला म्हणून हमखास येते. पण तिच्या चित्रपटांची साले ओळीने लावून पाहिली की ही गोष्ट डळमळू लागते. १९३१ नंतर ती संपली नाही. तिने काही काळ थांबून भाषा शिकून घेतली, परत आली, आणि त्यानंतरची काही वर्षे पुन्हा पहिल्या रांगेत होती. तिला आवाजाने हरवले हे मला पटत नाही. तिच्या पायाखालची जमीन सरकली ती वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण आपल्या, म्हणजे मराठी मध्यमवर्गाच्या, बरेच जवळचे आहे.

तिचे खरे नाव रूबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. कुळ बगदादी ज्यूंचे. मराठी वाचकाला ज्यू म्हटले की कोकणातले बेने इस्रायली आठवतात, शनिवार पाळणारे, तेलाचे घाणे चालवणारे, घरात मराठी बोलणारे. बगदादी ज्यू निराळे. ते एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी मुंबईत आले, पुण्यात लष्कर भागात वसले, आणि दोन-तीन पिढ्यांत अरबीवरून इंग्रजीकडे वळले. पुण्याचे लाल देऊळ आणि ससून रुग्णालय ही ससून घराण्याची, याच समाजाची खूण. रूबीचे घर काही ससूनांसारखे श्रीमंत नव्हते. तिला नोकरी करावी लागली, आणि ती नोकरी होती टेलिफोन ऑपरेटरची.

या नोकरीकडे जरा थांबून पाहायला हवे. १९२० च्या दशकातल्या मुंबईत तरुण बाईला पगारी काम मिळण्याच्या जागा मोजक्या होत्या. गिरणी होती, पण ती कष्टकरी घरांतल्या बायकांसाठी. शाळा आणि इस्पितळ होते. आणि अगदी नवी अशी दोन कामे होती, टंकलेखन आणि टेलिफोन. ही कामे बहुतेक अँग्लो-इंडियन, पारशी, ख्रिस्ती आणि ज्यू मुली करत. इंग्रजी यायचे, परक्या पुरुषांशी बोलायची घरची बंदी नव्हती, ट्रामने एकटीने जाणे-येणे चालायचे. ब्राह्मण, मराठा, प्रभू, भाटिया घरांतल्या मुलींना तेव्हा हे सगळेच अशक्य होते. पुढे चित्रपटात जे झाले त्याची मांडणी इथेच, टेलिफोनच्या खोलीत, झाली होती.

मोहन भवनानी तेव्हा कोहिनूर फिल्म कंपनीत दिग्दर्शक होते. द्वारकादास संपत यांची ही कंपनी त्या काळच्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. भवनानींनी रूबीला पाहिले आणि चित्रपटात काम करशील का असे विचारले. तिने नकार दिला. चित्रपटात काम करणारी बाई कोणत्या नजरेने पाहिली जाते हे तिला पुरते ठाऊक होते. भवनानी मागे लागले, पुन्हा विचारत राहिले, आणि अभिनयाचा ओ की ठो ठाऊक नसलेली ही मुलगी अखेर तयार झाली. १९२५ साली ‘वीर बाला’मध्ये ती पहिल्यांदा पडद्यावर आली. नाव सुलोचना.

तिच्या नकाराचा अर्थ कळायला थोडे मागे जावे लागते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नाही. कुठलीच बाई तयार होईना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. चारच वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले आणि लोकांनी दोघांनाही हात जोडले. मधल्या काळात ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, यांनी काम केले. कामत मायलेकींचे धैर्य मोठेच, पण त्या दोघींच्या मागून मराठी घरांचा दरवाजा उघडला असे झाले नाही. पुढची पंधरा-सतरा वर्षे ती जागा दुसऱ्यांनी भरली. कोठीवरच्या गाणाऱ्या बायकांनी भरली, फातमा बेगम आणि तिच्या झुबेदा, सुलताना, शहजादी या मुलींनी भरली. आणि भरली रूबी मायर्स, पेशन्स कूपर, एर्मेलिन यांसारख्या मुलींनी. यांपैकी बऱ्याच जणी पडद्यावर हिंदू नावाने वावरल्या. रेने स्मिथ सीतादेवी झाली, आयरिस गॅस्पर सविता देवी झाली, बेरिल क्लासेन माधुरी झाली. सती आणि राण्या हव्या होत्या, पण त्या व्हायला सतींच्या घरातली कोणी पुढे येत नव्हती.

मूकपटात याने अडत नव्हते. चित्र चालू असताना मधूनमधून पाट्या येत, गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा तीन-चार लिप्यांत. ज्याला जी वाचता येई ती तो वाचे, आणि ज्याला काहीच वाचता येत नसे त्याच्यासाठी बऱ्याच ठिकाणी पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट मोठ्याने सांगणारा माणूस असे. जोडीला पेटी आणि तबला. जत्रेतल्या तंबूत बसलेल्या साताऱ्याच्या शेतकऱ्याला सुलोचना मराठी बोलते असे वाटायला काहीच हरकत नव्हती, आणि भावनगरच्या व्यापाऱ्याला ती गुजराती वाटे. आधीच्या नोकरीत तिचा फक्त आवाज लोकांपर्यंत जात होता. आता फक्त चेहरा जाऊ लागला.

त्या चेहऱ्याचे कोहिनूरने केले काय, हा मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत रसाचा भाग वाटतो. तोवर बाईला पडद्यावर आणायचे ते पुराणातून किंवा इतिहासातून. सुलोचना मात्र थेट मुंबईच्या रस्त्यावरून आली. १९२६ या एका वर्षात तिचे ‘सिनेमा क्वीन’, ‘टायपिस्ट गर्ल’ आणि ‘टेलिफोन गर्ल’ हे चित्रपट लागले. शेअर बाजारातून चित्रपटात आलेल्या चंदुलाल शहांनी ‘टायपिस्ट गर्ल’ १७ दिवसांत पुरा केला आणि तो तुफान चालला. होमी मास्टरांच्या ‘टेलिफोन गर्ल’मध्ये तर तिने आपलीच जुनी नोकरी पडद्यावर केली. कचेरीत जाणारी, स्वतः कमावणारी, पुरुषाकडे सरळ बघणारी मुलगी ही पडद्यावरची नवी व्यक्तिरेखा होती. तिच्याबरोबर ‘टायपिस्ट गर्ल’मध्ये असलेली गोहर पुढे चंदुलाल शहांच्याच ‘गुणसुंदरी’तून घरच्या सोशिक पण हुशार पत्नीची भूमिका घेऊन उभी राहिली. गोहरने घर घेतले आणि सुलोचनाने शहर. प्रेक्षकांना दोन्ही हवे होते.

मग ती आर्देशिर इराणींच्या इंपीरियलमध्ये गेली. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये भवनानींनी तिला एकाच चित्रपटात आठ रूपे दिली. माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचे पोर, सोनेरी केसांची युरोपियन बाई, केळी विकणारी म्हातारी, खिसेकापू, ही त्यातली काही. पुरुष बाईची भूमिका करतो याची आपल्याला सवय होती. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी त्याची पराकाष्ठा केली होती. एक बाई शिपाई होते, माळी होते, आणि तिकीट काढलेले लोक तिच्या या रूपांतरांवर खूश होतात, हे मात्र नवे होते. अभिनयाची शाळा न पाहिलेल्या, दोन वर्षांपूर्वी टेलिफोनच्या फळ्यासमोर बसणाऱ्या मुलीने हे करावे, याचे कौतुक तिच्या सौंदर्याच्या वर्णनात नेहमी बुडून जाते.

१९२८ सालची ‘अनारकली’ची शर्यत ही त्या काळच्या धंद्याची खरी ओळख. लाहोरच्या इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये अनारकलीवर नाटक लिहिले होते. त्यावरून ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशनने ‘द लव्हज ऑफ अ मोगल प्रिन्स’ हा मोठ्या खर्चाचा चित्रपट हाती घेतला. दिग्दर्शक चारू रॉय आणि प्रफुल्ल रॉय, अनारकली सीतादेवी, आणि अकबराच्या भूमिकेत खुद्द ताज. ही बातमी कळताच इंपीरियलने आर. एस. चौधरींना बसवून सुलोचनाची ‘अनारकली’ झपाट्याने पुरी केली आणि आधी लावून टाकली. मोठ्या खर्चाचा चित्रपट मागाहून आला तेव्हा लोकांची अनारकली ठरून गेली होती. ही चलाखी नीतीला धरून होती का, हा प्रश्न निराळा. पण ती यशस्वी झाली याचे एक कारण असे की, सुलोचनाचे नाव जाहिरातीत आले की दुसऱ्या अनारकलीसाठी थांबायला कोणी तयार नव्हते.

त्याच वर्षीच्या ‘माधुरी’त तिचा एक नाच होता. तो इतका गाजला की, महात्मा गांधींच्या हस्ते खादी प्रदर्शनाचे उद्घाटन झाल्याचा एक लघुपट दाखवताना त्याला जोड म्हणून हा नाच, आवाजाची साथ देऊन, लावला गेला. गांधीजींना हे कळले असते तर काय वाटले असते कोण जाणे. त्यांना सिनेमाचे मुळीच प्रेम नव्हते. पण लोकांना दोन्ही एका बैठकीत पाहायचे होते, हे त्या वर्षांतल्या मनाविषयी बरेच सांगते. पुढे चौधरींच्याच ‘खुदा की शान’मध्ये सुलोचनाने अस्पृश्य मुलीची भूमिका केली. त्यातले एक पात्र गांधीजींसारखे दिसते म्हणून सरकारी सेन्सॉरच्या भुवया चढल्या. तिच्याकडे नुसती नटवी म्हणून पाहणाऱ्यांनी हा चित्रपटही हिशोबात धरावा.

आणि १९२९ ची ‘इंदिरा बी. ए.’. शिकलेल्या, पाश्चात्त्य वळणाच्या हिंदू मुलीची ही गोष्ट. प्रत्यक्षात बी. ए. झालेल्या हिंदू मुली तेव्हा मुंबई इलाख्यात होत्या, संख्येने थोड्या का होईना. पण त्यांतली एकही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नसती. त्यामुळे पदवीधर हिंदू मुलीची भूमिका टेलिफोन कचेरीतून आलेल्या ज्यू मुलीने केली. सरकारने १९२७ मध्ये टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढे कुलीन बायका या धंद्यात का येत नाहीत, त्यांनी यावे काय, हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघाला. चर्चा न आलेल्या बायकांची. ज्या आल्या होत्या, ज्यांच्या जिवावर धंदा चालला होता, त्यांच्याकडे पाहण्याचा रोख मात्र असा की, चांगल्या घरच्या मिळेपर्यंत या चालवून घ्यायच्या.

मग ‘आलम आरा’. सुलोचना काही काळ पडद्यापासून दूर राहिली आणि हिंदुस्तानी शिकली. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पंचवीस वर्षांच्या आतबाहेरची एक बाई, देशातली पहिल्या नंबरची नटी, सगळे थांबवून पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करते, तेही आपली गादी दुसऱ्या बाईकडे गेलेली रोज दिसत असताना. त्या काळातल्या कितीतरी नटांना आणि नटींना हे जमले नाही, किंवा त्यांनी ते केलेच नाही. ती १९३२ मध्ये परतली, आणि परतली ती ‘माधुरी’ घेऊन. तोच चित्रपट, तोच दिग्दर्शक, आता बोलता.

यानंतरचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९३४ मध्ये ‘इंदिरा एम. ए.’, दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल. पाच वर्षांपूर्वीची बी. ए. आता एम. ए. झाली, ऑक्सफर्डला शिकून आली, चुकीच्या माणसाशी लग्न करून बसली, घटस्फोटापर्यंत गेली. १९३५ मध्ये पुन्हा ‘अनारकली’. १९३६ मध्ये ‘बंबई की बिल्ली’, म्हणजे तीच आठ रूपांची ‘वाइल्डकॅट’. आपल्या मूकपटांतले एकेक यश तिने परत आवाजात उभे केले. मधे १९३३ मध्ये तर ‘सुलोचना’ याच नावाचा चित्रपट आला. जिला बोलपटाने संपवले म्हणतात तिच्या नावाने बोलपट काढायला कंपनी धजावली नसती.

या वर्षांत तिचा नायक दिनशा बिलिमोरिया. उंच, देखणा, घोड्यावर शोभणारा पारशी तरुण. मूकपटांपासून त्यांची जोडी होती. १९३३ नंतर तर दोघे फक्त एकमेकांबरोबरच काम करू लागले. पडद्यावरचे प्रेम पडद्याबाहेरही होते आणि ते सगळ्या मुंबईला ठाऊक होते. इंपीरियल तिला महिन्याला ५,००० रुपये देत होती. तिच्या दाराशी १९३५ ची शेव्हरले उभी असे. तिला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता, ही आख्यायिका तिच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात असते. कायद्याने ठरलेला गव्हर्नरचा वर्षाचा पगार लाखाच्या वर होता, तेव्हा ही तुलना हिशोबात बसत नाही. पण लोकांना ती खरी वाटली आणि आवडली. एका नोकरदार मुलीने गव्हर्नरला मागे टाकले, यात त्यांना समाधान होते, आणि ५,००० रुपये ही रक्कम त्या काळी खरोखरच डोळे फिरवणारी होती.

म्हणजे आवाजाचा अडथळा तिने पार केला. मग बिनसले कुठे?

ज्या मोहन भवनानींनी रूबी मायर्सला कॅमेऱ्यासमोर आणले, त्यांनीच १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’ काढला. त्यात एका छोट्या भूमिकेसाठी त्यांनी कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, नामांकित सॉलिसिटर लाडांची कन्या आणि खोटे घराण्याची सून अशा एका तरुण बाईला घेतले. जाहिरातीत तिच्या घराण्याचा गाजावाजा केला. चित्रपट सवंग निघाला आणि गहजब झाला. त्या बाई म्हणजे दुर्गा खोटे. त्यांनी तिथेच चित्रपटाला रामराम ठोकला असता, पण ‘प्रभात’च्या व्ही. शांताराम यांनी त्यांना ‘अयोध्येचा राजा’साठी बोलावले. १९३२ मध्ये दुर्गाबाई तारामती झाल्या. फाळक्यांना जी मिळाली नव्हती ती तारामती एकोणीस वर्षांनी मिळाली, तीही पांढरपेशा मराठी घरातून.

या प्रसंगाचे मोल मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. दुर्गाबाईंनी आत्मचरित्रात लिहिलेले ते दिवस वाचले की त्यांनी काय पत्करले हे कळते, आणि त्यांचा अभिनय हा आपला ठेवाच आहे. पण या घटनेला दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे आपण पाहिलेले नाही. एकदा कुलीन बाई पडद्यावर आली म्हटल्यावर चित्रपटाची जाहिरातच त्या शब्दावर होऊ लागली. १९३३ मध्ये देविकाराणी आल्या, टागोरांच्या नात्यातल्या, लंडनला शिकलेल्या. १९३७ मध्ये ‘जंटलमन डाकू’साठी लीला चिटणिसांची ओळख महाराष्ट्रातली पडद्यावर आलेली पहिली पदवीधर कुलीन स्त्री अशी करून देण्यात आली. ‘इंदिरा बी. ए.’ आता भूमिका राहिली नाही, खरीखुरी बी. ए. बाई मिळाली. त्याच वर्षी शांता आपटे ‘कुंकू’मध्ये जरठ-विवाहाविरुद्ध उभी राहिली, तीही घरातल्या भाषेत आणि घरातल्या नऊवारीत. पडद्यावरच्या बंडखोर मुलीला आता प्रेक्षकाच्या घरातला चेहरा मिळाला होता. सुलोचनाच्या ऑफिसात जाणाऱ्या, मोटार चालवणाऱ्या, केस कापलेल्या मुली जुन्या वाटू लागल्या. नुसत्या जुन्या नव्हे, परक्या वाटू लागल्या. स्वदेशीच्या आणि सत्याग्रहाच्या वातावरणात ते परकेपण अधिकच डोळ्यांत भरले असणार.

बोलपटाचा यात हात नाही असे नाही. आवाजाबरोबर उच्चार आले, उच्चाराबरोबर कुळ कळू लागले. मूकपटात रूबी मायर्स कोणत्याही घरची मुलगी होऊ शकत होती. बोलपटात ती कितीही चांगले बोलली तरी ‘शिकून बोलते’ हे कानाला कळत होते. पण नुसत्या उच्चाराने तिला १९३२ ते १९३६ कोणी नाकारले नाही. पसंतीच बदलली तेव्हा तोच उच्चार दोष ठरला.

बाकीचे पटकन घडले. १९३० च्या दशकाच्या मध्याला तिने रूबी पिक्स ही स्वतःची चित्रसंस्था काढली होती, पण त्या संस्थेने फार मोठी मजल मारली नाही. इंपीरियल कंपनी १९३८ मध्ये बंद पडली. बिलिमोरियाशी असलेले नाते संपले आणि त्याबरोबर जोडीही. दोघांनाही एकट्याने पूर्वीचे यश मिळाले नाही. त्या काळात नट-नटी कंपनीच्या महिन्याच्या पगारावर असत. कंपनी बुडाली की दुसरी कंपनी तुमच्यासाठी चित्रपट बेतून देईलच असे नव्हते. मूकपटांच्या काळात तिच्यावर चित्रपट बेतणारे भवनानी, चौधरी, इराणी आपापल्या वाटेने गेले होते. तिशी ओलांडलेल्या नायिकेसाठी नव्या मंडळींकडे एकच भूमिका होती, आईची.

१९४७ चा ‘जुगनू’ म्हणजे नूरजहाँ आणि दिलीपकुमारचा. त्यातही एका छोट्या भूमिकेत सुलोचना होती. एक उतारवयाचा प्राध्यापक तिच्यावर भाळतो असे त्यात दाखवले होते. मुंबई सरकारने या चित्रपटावर बंदी घातली तेव्हा गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते, आणि आक्षेपांमध्ये प्राध्यापकाचे हे भाळणेही धरले गेले. चाळिशीतल्या बाईवर चाळिशी उलटलेल्या पुरुषाचे मन जडावे, यात एवढे नीतिबाह्य काय होते, हे आज कळणे अवघड आहे. वीस वर्षांपूर्वी याच बाईचा नाच खादीच्या लघुपटाला जोडला होता.

१९५३ मध्ये फिल्मिस्तानने ‘अनारकली’ काढला. बीना रॉय, प्रदीपकुमार, आणि आपल्या सी. रामचंद्रांचे संगीत, लताबाईंनी गायलेली त्यातली गाणी आजही घराघरांत आहेत. दिग्दर्शक होते नंदलाल जसवंतलाल, ‘इंदिरा एम. ए.’चे. त्यांनी सलीमच्या आईच्या भूमिकेसाठी सुलोचनाला बोलावले. मूकपटातली अनारकली, बोलपटातली अनारकली, आणि आता अनारकलीला सून म्हणून नाकारणाऱ्या घरातली राणी. पंचवीस वर्षांत तिने ती कथा तीन वेळा जगून घेतली. नव्या प्रेक्षकांपैकी अनेकांना ही कोण हे ठाऊकही नसावे. एव्हाना ‘सुलोचना’ म्हटले की मराठी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर भालजी पेंढारकरांच्या तालमीत घडलेल्या सुलोचना लाटकर उभ्या राहू लागल्या होत्या. मोठ्या अभिनेत्री, यात शंका नाही. पण त्या नावाखाली आधीची सुलोचना झाकली गेली ती गेलीच.

तिचे काम आज पाहून पारखावे म्हटले तर तेही अवघड. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट झाले. नायट्रेटच्या फिती जळाल्या, गळून गेल्या, त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्या गेल्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून मिळेल ते वाचवले, तोवर बहुतेक सगळे संपले होते. त्यामुळे सुलोचनाचा अभिनय कसा होता हे आपण छायाचित्रांवरून, जाहिरातींवरून आणि तेव्हाच्या लोकांच्या सांगण्यावरून जाणतो. ‘वाइल्डकॅट’मधली ती केळीवाली म्हातारी तिने कशी चालवली असेल, हा प्रश्न मला फार छळतो. शिपायाचे चालणे वेगळे, पोराचे वेगळे, आणि शब्द एकही हाताशी नाही.

१९६९ मध्ये सरकारने फाळक्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. पहिला देविकाराणींना. मग बी. एन. सरकार, पृथ्वीराज कपूर, पंकज मलिक, आणि १९७३ चा सुलोचनाला. पृथ्वीराज कपूर तरुणपणी चित्रपटात आले ते इंपीरियलच्याच दारातून, सुलोचना तिथली महाराणी असताना. पुरस्काराच्या यादीत ते तिच्या दोन वर्षे आधी आहेत. तरी मला या यादीतली ती जागा महत्त्वाची वाटते. चित्रपटाला ज्या काळी चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्यांनी दाराबाहेर ठेवले, त्या काळात ज्या बायकांनी तो चालवला त्यांच्यापैकी निदान एकीचे नाव तिथे आहे. फातमा बेगम, जिने १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, तिचे नाही. गोहर आणि झुबेदा यांचेही नाही.

रूबी मायर्स १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत वारली. मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण फाळक्यांवरून बाबूराव पेंटरांवर आणि तिथून ‘प्रभात’वर येतो, दादर आणि ग्रँट रोडच्या स्टुडिओंतले गुजराती, पारशी, ज्यू आणि मुसलमान लोक आपण हिंदी चित्रपटाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण ते स्टुडिओ याच शहरात होते, तिथे कामाला असलेले कारागीर आणि तंबूतून पाहणारे प्रेक्षक बऱ्याच अंशी मराठी होते, आणि त्यांची सर्वांत मोठी नायिका पुण्यात जन्मलेली होती. दुर्गाबाई खोट्यांना १९८३ चा फाळके पुरस्कार मिळाला. त्या दोघींना एकाच माणसाने चित्रपटात आणले हे त्या वर्षी लिहिता आले असते.